फॉरमॅट करूनही घरचा संगणक पुन्हा पुन्हा मंद होतो तेव्हा

साताऱ्याला माझ्या मामांच्या घरी २०१३ साली घेतलेला एक डेस्कटॉप संगणक आहे. तिसऱ्या पिढीचा इंटेल कोअर आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, असा त्या काळातील घरगुती संगणकाचा ठरावीक सरंजाम त्यात आहे. मूळची विंडोज ७ जाऊन पुढे विंडोज १० आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा संगणक तीन वेळा फॉरमॅट करून घेतला गेला. प्रत्येक वेळी महिना-दीड महिना तो बरा चालला आणि मग पुन्हा पहिल्या वळणावर गेला. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चार मिनिटे आणि ब्राउझर खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा होईपर्यंत आणखी पाच-सात मिनिटे लागत. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे होते की यंत्र जुने झाले, आता नवे घ्यावे. मामांचे म्हणणे होते की ईमेल, वीजबिल, मराठी पत्रव्यवहार आणि यूट्यूबवरची कीर्तने एवढ्यासाठी नवा संगणक कशाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, परंतु या यंत्राचा नेमका कोणता भाग अडतो आहे हे तीन फॉरमॅटांत कोणी एकदाही पाहिले नव्हते.

फॉरमॅटनंतर संगणक काही दिवस वेगवान वाटतो, कारण त्या दिवसांत त्याच्याकडे फारसे कामच नसते. सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी रिकामी असते, ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेंशन, म्हणजे जोडप्रोग्राम, नसते आणि डिस्कवरच्या फायली नुकत्याच सलग लिहिलेल्या असतात. पुढच्या महिन्याभरात प्रिंटरचे प्रोग्राम येतात, अँटिव्हायरस येतो, विंडोजची अपडेट उतरतात, फोटो परत भरले जातात आणि ओझे पूर्वीइतके होते. ओझे वाहणारा बैल मात्र तोच राहतो. शिवाय अनेकदा अशा फॉरमॅटसोबत परवाना नसलेली विंडोज टाकून दिली जाते आणि ती चालावी म्हणून ज्या ॲक्टिव्हेटरचा वापर होतो, तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो. घराचे दार उघडे ठेवून चोराला किल्ली शोधायला लावण्याचा हा प्रकार आहे. अशा संगणकात प्रोसेसर विनाकारण कायम ८०-९० टक्क्यांवर दिसत असेल, तर दोष यंत्राच्या वयाचा आहे असे समजण्यापूर्वी आत कोणी पाहुणा बसला आहे का, हे पाहावे.

आधी मोजमाप

संगणक सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्याची छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर टिचकी मारून ती मोठी करावी आणि 'परफॉर्मन्स' या विभागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यापैकी कोणाचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून राहतो, हे काहीही न उघडता दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. आपल्याकडे संपूर्ण पेटीलाच सीपीयू म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे येथे स्पष्ट केलेले बरे की टास्क मॅनेजरमधला सीपीयू म्हणजे केवळ प्रोसेसर. ही दहा मिनिटे कंटाळवाणी असली तरी पुढचा सगळा खर्च कोठे करायचा हे त्यांतच ठरते.

एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. जो संगणक आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी सुरू होतो, त्याच्यावर सात दिवसांची थकलेली कामे एकदम कोसळतात. विंडोजची अपडेट, अँटिव्हायरसची नवी माहिती, फायलींची शोधसूची आणि विंडोज १० मध्ये पहाटे २ वाजता ठरलेली नियमित देखभाल, असे सारे त्याच अर्ध्या तासात धावू लागते आणि माणूसही नेमका त्याच वेळी ईमेल उघडायला बसतो. अशा घरी संगणक मधूनअधून तासभर नुसता चालू ठेवला, तरी तक्रारीचा काही भाग पैसे न खर्चता नाहीसा होतो. रोज वापरल्या जाणाऱ्या संगणकात मात्र ही सबब चालत नाही.

डिस्कचा आकडा १०० आणि काम जवळजवळ शून्य

मामांच्या संगणकात डिस्कचा 'ॲक्टिव्ह टाइम' सतत १०० टक्के होता, पण त्याच वेळी वाचनाचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला १ ते २ एमबी एवढाच दिसत होता. अनेकांना हा विरोधाभास वाटतो. डिस्क पूर्ण जोर लावत असेल तर वेग इतका कमी कसा, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर हार्ड डिस्कच्या बांधणीत आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा वाचन-शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि शीर्ष त्या वर्तुळावर नेण्यासाठी आणखी सुमारे ९ मिलिसेकंद जातात. म्हणजे एका वाचनाला १३ मिलिसेकंद आणि एका सेकंदाला जेमतेम ७५ वाचने झाली. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली डिस्कवर विखुरलेल्या जागांवरून मागवल्या जातात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला, तर त्या सेकंदात हाती पडतात फक्त ३०० केबी. हीच डिस्क एखादा सलग चित्रपट सेकंदाला १०० एमबीहून अधिक वेगाने वाचू शकते, म्हणून ती बिघडलेली नसतानाही संगणक रखडतो. लॅपटॉपमधील मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये स्थिती याहून वाईट असते. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे साटा या नेहमीच्या डिस्क-जोडणीवर चालणारी साधी एसएसडीसुद्धा अशी विखुरलेली वाचने सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. जुन्या संगणकाला एसएसडी लावल्यावर होणारा बदल माणसाला जादूसारखा का वाटतो, याचे कारण एवढेच आहे.

नवी डिस्क आणण्यापूर्वी जुनीची प्रकृती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यातील ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे कच्चे आकडे शून्य असणे अपेक्षित आहे. ०५ म्हणजे बदली करून टाकलेली खराब जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेली जागा आणि सी६ म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली जागा. हे कच्चे आकडे तेथे सुरुवातीला षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळा चिन्हांच्या, पद्धतीत दिसतात, त्यामुळे 'ए' किंवा 'एफ' अशी अक्षरे आल्यास गोंधळून जाऊ नये. मामांच्या डिस्कवर सी५ची ओळ शून्य नव्हती, आणि संगणक मधूनच पूर्ण गोठण्याचे, म्हणजे माऊस हलतो पण टिचकीला उत्तर मिळत नाही या तक्रारीचे मूळ तेथेच होते, कारण अशा जागेपाशी पोहोचल्यावर डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ बाकी सारे रांगेत उभे राहते. झटपट फॉरमॅट पृष्ठभाग तपासत नाही. तो केवळ अनुक्रमणिका नव्याने लिहितो, म्हणून फायली वाढत वाढत त्या खराब जागेपर्यंत गेल्या की दुखणे परत उद्भवते. तीन फॉरमॅटांचे अपयश असे एका ओळीत मांडून ठेवलेले होते. याच यादीतील सी७ ही ओळ वाढत असेल तर मात्र बहुधा दोष डिस्कचा नसून सैल किंवा खराब झालेल्या साटा केबलचा असतो, आणि केबल बदलण्याचा खर्च अगदीच किरकोळ आहे.

डिस्क खराब होऊ लागली असेल, तर ती जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याचा मोह टाळावा. प्रथम फोटो, कागदपत्रे आणि ब्राउझरमधील खुणा दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि एसएसडीवर विंडोज कोरी बसवावी. डिस्क निरोगी असेल तर क्लोनझिलासारख्या प्रोग्रामने संपूर्ण प्रत करता येते, मात्र प्रत झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही प्रकारांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाची पद्धत जुनी आयडीई नसून नवी एएचसीआय आहे ना, हे विंडोज बसवण्यापूर्वी पाहावे. बसवल्यानंतर ती बदलली तर विंडोज सुरूच होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही. एच६१ बोर्डावरील साटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटचीच आहे, म्हणून एसएसडीच्या खोक्यावर छापलेला ५०० एमबीचा वेग तेथे मिळत नाही, २७० एमबीच्या आसपास मिळतो. त्याची चिंता करू नये, कारण आपल्याला हवा आहे तो विखुरलेल्या वाचनांचा वेग, आणि तो या मर्यादेत अडत नाही. घरगुती वापराला २४० किंवा २५६ जीबी पुरते. मोठ्या डिस्कच्या मापाचे कप्पे असलेल्या पेटीत लहान एसएसडी बसवायला खास चौकट मिळाली नाही, तरी दोन स्क्रूंवर ती निर्धास्त राहते, कारण तिच्यात हादऱ्याने बिघडणारे काही नाही.

मेमरी

मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर विंडोज उरलेला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवू लागते आणि मग मेमरीचे दुखणे डिस्कच्या दुखण्याच्या वेषात समोर येते. ४ जीबीत विंडोज १० स्वतःच निम्म्याच्या आसपास जागा घेते, त्यात याच मेमरीचा एक हिस्सा प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी राखलेला असतो, आणि ब्राउझरचे सात-आठ टॅब उरलेले भरून टाकतात. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' या ओळीत दोनपैकी किती खाचा भरल्या आहेत हे पेटी न उघडता कळते. तेथेच मेमरीचा वेगही दिसतो. मामांच्या संगणकाला दुसरी ४ जीबीची, त्या पिढीच्या डीडीआर३ प्रकारची पट्टी लावली. दोन पट्ट्या झाल्या की मेमरी दोन वाहिन्यांनी चालते आणि त्याचा थोडा लाभ ग्राफिक्सलाही होतो. पुढच्या पिढीची डीडीआर४ पट्टी या खाचेत बसत नाही, तिच्या कडेवरचा काप वेगळ्या जागी असतो, म्हणून जोर लावू नये. लॅपटॉपसाठी घेताना पट्टी १.५ व्होल्टची डीडीआर३ आहे की १.३५ व्होल्टची डीडीआर३एल, हे जुन्या पट्टीवर वाचून जावे. अशा जुन्या पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अजून मिळतात. तपासून घेण्याची आणि चालली नाही तर बदलून देण्याची बोली मात्र आधीच करावी.

दोन बाबी सहज निसटतात. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी घालून काही उपयोग होत नाही, आणि 'हलकी चालते' म्हणून ३२ बिटची विंडोज टाकून दिलेले संगणक मी पाहिलेले आहेत. दुसरे असे की कोकणासारख्या दमट हवेत पट्टीच्या सोनेरी पायांवर थर बसतो आणि पट्टी मधूनच ओळखली जात नाही. वीज काढून, पट्टी बाहेर घेऊन पाय साध्या खोडरबराने हलके घासणे हा दुकानांतला जुना उपाय खरोखरच काम करतो.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ४ जीबी असलेल्या संगणकात मी आधी एसएसडी घेईन, कारण पेजफाइलसुद्धा मग वेगवान जागेवर जाते. केवळ २ जीबी असतील तर नुसत्या एसएसडीने समाधान होणार नाही.

सुरुवातीला ठीक, वीस मिनिटांनी मंद

हे लक्षण वेगळे आहे आणि ते बहुधा उष्णतेचे असते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. मामांचा प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झचा आहे. काम जोरात चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये वेग १.६ वर पडलेला दिसला, तर तो विश्रांती घेत नसून गुदमरतो आहे असे समजावे. रिकाम्या वेळी तो १.६ दिसणे मात्र स्वाभाविक आहे. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रामात तापमान ९० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल, तर पेटी उघडून पंख्याखालच्या पात्यांमध्ये अडकलेला धुळीचा पातळ गालिचा काढावा आणि प्रोसेसरची उष्णता पंख्याच्या धातूच्या तळाकडे नेणारी, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो भन्नाट फिरू देऊ नये. इंटेलच्या मूळ पंख्याला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यांतील एक जरी सुटली तरी पंखा फिरत असतो, आवाज नेहमीसारखा येतो आणि धातूचा तळ मात्र प्रोसेसरवरून किंचित उचललेला राहतो. हा दोष नुसत्या नजरेने दिसत नाही, खुंट्या एकेक दाबून पाहाव्या लागतात. संगणक भिंतीला टेकवून बंद कप्प्यात ठेवलेला असेल, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात एवढी सफाईही पुरणार नाही.

लॅपटॉप चार्जरवर असतानाच कमालीचा मंद असेल आणि वेग १ गिगाहर्ट्झच्याही खाली अडकलेला दिसत असेल, तर मूळ नसलेला चार्जर ओळखला न गेल्यामुळे लॅपटॉपनेच वेग दाबून धरलेला असू शकतो. दुसरा योग्य चार्जर लावून पाहणे ही येथे पहिली पायरी होय.

सॉफ्टवेअरमध्ये काय करावे आणि काय करू नये

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर ज्यांची गरज नाही असे प्रोग्राम बंद करावेत, सी ड्राइव्हवर पाचव्या हिश्श्याइतकी जागा मोकळी ठेवावी आणि अँटिव्हायरस एकच असावा. ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी त्याच्या सेटिंगमधून काढून घ्यावी. कोपऱ्यात सतत 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' अशा चौकटी येत असतील, तर ते बहुतेक वेळा कधीतरी चुकून परवानगी दिलेल्या एखाद्या संकेतस्थळाचे नोटिफिकेशन असते, आणि ब्राउझरच्या परवानग्यांतून ते संकेतस्थळ काढले की चौकटी थांबतात.

'शट डाउन' केल्याने विंडोज पूर्णपणे बंद होते, हाही गैरसमज आहे. विंडोज ८पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे तिचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो, म्हणूनच टास्क मॅनेजरमधील 'अप टाइम' रोज संगणक बंद करणाऱ्याच्या घरीही वीस-वीस दिवसांचा दिसतो. काही विचित्र वागू लागल्यास 'रीस्टार्ट' करावे, तेव्हा सगळे नव्याने सुरू होते.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग साठवणारी नोंदवही, साफ करणारे, रॅम 'मोकळी' करणारे आणि एका टिचकीत वेग दुप्पट करण्याचे आश्वासन देणारे प्रोग्राम घेऊ नयेत. रजिस्ट्रीतील काही शे निरुपयोगी नोंदींनी संगणक मंद होत नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर काय बिघडले हे शोधणेही कठीण जाते. एसएसडी लावल्यावर जुन्या सवयीने डीफ्रॅग करणारा, म्हणजे विखुरलेल्या फायली सलग लावणारा, वेगळा प्रोग्रामही टाकू नये. विंडोज एसएसडी ओळखते आणि तिला लागणारी निगा स्वतः राखते.

एसएसडी आणि ८ जीबी झाल्यानंतरही मामांच्या कीर्तनाच्या व्हिडिओत चित्र अडखळत होते आणि तेथे मीही दोन दिवस चुकीच्या जागी शोधत राहिलो. यूट्यूब आता बहुतांश व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपांत पाठवते आणि २०१२-१३ च्या या प्रोसेसरमधील ग्राफिक्सला ती स्वरूपे उलगडता येत नाहीत. त्यामुळे तो सगळा भार प्रोसेसरच्या दोन गाभ्यांवर पडतो. जुने एच.२६४ स्वरूप मात्र ते ग्राफिक्स सहज उलगडते. यूट्यूबला एच.२६४च पाठवायला लावणारे एक लहान एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये घातल्यावर प्रोसेसरचा भार निम्म्याहून खाली आला. या स्वरूपात यूट्यूबवर १०८०पी पर्यंतच चित्र मिळते, आणि मामांच्या पडद्याला त्याहून अधिकाची गरज नाही.

विंडोज १० चे काय करावे

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे चालतात, म्हणजे हा संगणक तिच्या अटींत बसत नाही. आडवाटेने ती बसवून देणारे भेटतात, परंतु पुढचे एखादे मोठे अपडेट तेथे अडकले की दुरुस्तीचे चक्र पुन्हा सुरू होते, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही. विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती या यंत्रावर उत्तम चालते आणि मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही तीत मिळतो. अडचण दोनच ठिकाणी येते. टॅलीसारखे किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाचे काम विंडोजवर अवलंबून असेल तर, आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली जुनी पत्रे असतील तर. मामांकडे अशी पत्रे पुष्कळ आहेत. म्हणून एसएसडीचे दोन भाग केले. इंटरनेटची आणि बँकेची कामे लिनक्समध्ये होतात, आणि विंडोजमध्ये जुनी पत्रे उघडतात, मात्र तेथे नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केलेले आहे.

आता बटण दाबल्यापासून डेस्कटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत येतो आणि ब्राउझर त्यानंतर काही सेकंदांत उघडतो. जुनी ५०० जीबीची डिस्क बाहेरच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरावी अशी मामांची इच्छा होती. तिच्यावरील सी५चा आकडा फायली उतरवून घेत असतानाच आणखी वाढला होता, त्यामुळे तिच्यावर तारीख आणि 'वापरू नये' असे लिहून ती कपाटात ठेवली, आणि फोटोंची प्रत नव्या बाहेरील डिस्कवर घेतली.